लाभ, दोन, तीन

मंगळवार, दिनांक ७ फेब्रुवारी १९७८ रोजी सकाळी दहा वाजता, बीड जिल्ह्यातील मौजे निमखेडा येथे, धान्यबाजारालगतच्या जुन्या कोठारात भरणाऱ्या बालवाडीत आम्ही तिघांनी प्रवेश केला: मी, माझ्या दिवंगत पत्नीची थोरली बहीण आणि माझी साडेचार वर्षांची मुलगी रेवती. तिघांपैकी दोघांना बोलता येत होते. तिसरीला येते की नाही, हे ठरवण्यासाठीच आम्ही आलो होतो.

पत्नीच्या बहिणीस आम्ही उमाक्का म्हणत असू. औरंगाबादच्या एका रुग्णालयात त्या परिचारिका होत्या आणि आदल्या संध्याकाळच्या एसटीने एक छापील अर्ज घेऊन आल्या होत्या. अर्ज मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेचा होता. आषाढात माझी पत्नी कुमुद काविळीने गेली, त्यानंतर पंधरवड्याच्या आत रेवतीचे बोलणे थांबले, आणि त्याला आता सात महिने होत आले होते. तिचे कान शाबूत होते. भांडे पडले तर ती दचके, हाक मारली तर येई, सांगितलेले काम चोख करी. फक्त बोलत नसे.

मी अक्कांशी रीतसर वाद घातला. जिला ऐकू येते, जी गेल्या वर्षापर्यंत दिवसभर बडबडत होती, तिला मुकी म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे, असे माझे प्रतिपादन होते. मी येथील विद्यालयात मराठी आणि संस्कृत शिकवीत असे. शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये केसाचेही अंतर मला सहन होत नसे. अक्कांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“शब्दाचं राहू द्या, त्र्यंबकराव,” त्या म्हणाल्या. “पोरगी बोलते का, तेवढं सांगा.”

माझ्याकडे एकच पुरावा होता आणि तोही ऐकीव. बालवाडीच्या शिक्षिका सोजरबाई मला तीनदा सांगून गेल्या होत्या की, रेवती तिथे बोलते. मी प्रत्येक वेळी स्वतः जाऊन बसलो होतो आणि प्रत्येक वेळी रेवती गप्पच राहिली होती. सोजरबाईंनी मला बरे वाटावे म्हणून तसे सांगितले, असाच निष्कर्ष मी काढला होता. आता मात्र मला तोच पुरावा पुढे करावा लागला. ठरले ते असे: सकाळी बालवाडीत जाऊन पाहायचे, रेवती बोलली, तर ती पाडव्यापर्यंत माझ्याकडे राहील, न बोलली, तर दुपारी दोनच्या एसटीने अक्कांबरोबर जाईल. मी मान्य केले. वस्तुतः त्या सात महिन्यांत मी तिचा एकच शब्द ऐकला होता. तो कोणता, हे मी अक्कांना सांगितले नव्हते.

सोजरबाई पस्तिशीच्या असतील. नवऱ्याने टाकलेल्या, मूलबाळ नसलेल्या, सातवी पास. त्यांचे वडील बाजारात मापारी होते. पायलीने धान्य मोजून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्या बाईंची शिकवण्याची रीत कुठल्याही पुस्तकात नव्हती. सकाळी त्या बाजारातून हाताला लागेल ते घेऊन येत. कधी वांगी, कधी चिंचोके, कधी शेजाऱ्यांच्या घरचे पळी-डाव, आणि अगदीच काही नसले तर दाराबाहेरच्या मुलांच्या चपला. मुले भिंतीला पाठ लावून रांगेत बसत. पहिल्याने वस्तू उचलायची, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि बाकीचा ढीग शेजाऱ्याकडे सरकवायचा; शेजाऱ्याने पुढची उचलायची आणि पुढचा आकडा म्हणायचा. अशी मोजणी रांगेतून पाण्यासारखी वाहत जाई, आणि ज्याची पाळी आली त्याला बोलल्यावाचून गत्यंतर नसे.

या रीतीला माझा आक्षेप नव्हता. आक्षेप एका शब्दाला होता. ती मुले ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ, दोन, तीन, चार’ अशी मोजत. खळ्यावर धान्य मोजताना मापारी पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो, ही आमच्याकडची जुनी चाल आहे, हे मला ठाऊक होते. परंतु खळे निराळे आणि शाळा निराळी. बालवाडी समितीचा चिटणीस या नात्याने मी जानेवारीत सोजरबाईंना सहा पानांचे पत्र लिहिले. संख्येचे स्वरूप, रूढी आणि ज्ञान यांतील भेद, बालवयात रुजलेल्या चुकीचे दूरगामी परिणाम, असे मुद्दे क्रमाने मांडले होते. पाचव्या दिवशी त्या विद्यालयात आल्या आणि दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

“गुरुजी, पत्र लई चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “दोन दिस लागले वाचायला.”

मी विचारले, मग काय ठरवले?

“ठरवायचं काय त्याच्यात? बाप म्हनायचा, पहिलं माप देवाचं. त्याला मोजायचं न्हाई, त्याचं नाव घ्यायचं. मोजायचं ते दुसऱ्यापासून. लेकराला पहिल्या घासाला आकडा कामून द्यायचा? गोड शब्द घिऊन सुरुवात केली की फुडं आपसूक जातंय.” आणि जाता जाता म्हणाल्या, “आजून मन भरलं नसंल तर आनिक एक लिवा. वाचते मी.”

दुसरे पत्र मी खरोखरच लिहायला घेतले होते.

तर त्या मंगळवारी सोजरबाईंनी माझ्यासाठी खुर्ची मांडली, अक्कांना पाट दिला आणि वांग्यांची टोपली रांगेच्या टोकाशी ठेवली. बाहेर बाजार भरू लागला होता. नव्या ज्वारीचा वास आत येत होता. सोळा मुले होती. रेवती सातवी बसली होती. आठवा जब्बार नावाचा, बांगडीवाल्या काझींचा मुलगा; डोक्याला तेल चोपडलेले, सदऱ्याची एक गुंडी तुटलेली.

मोजणी सुरू झाली. लाभ, दोन, तीन. मुलांच्या आवाजात एक खडबडीत गोडी होती. चार, पाच, सहा. रेवतीने वांगे हातात घेतले, देठाकडून नीट फिरवून पाहिले आणि तोंड मिटून टोपली जब्बारकडे सरकवली.

“सात, आठ,” जब्बार एका दमात म्हणाला आणि मोजणी पुढे गेली.

दुसऱ्या फेरीला पळ्या आल्या. पुन्हा तेच. जब्बार थांबला नाही, तिच्या तोंडाकडे त्याने पाहिलेही नाही. ‘सात, आठ’ म्हणून तो मोकळा झाला. तिसऱ्या फेरीला सोजरबाईंनी रेवतीला पहिले बसवले. ती पहिली पळी हातात घेऊन बसून राहिली आणि तिने एकदा, फार थोडा वेळ, माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून तिला उत्तेजन दिले. तिने पळी खाली ठेवली.

अक्कांनी सुस्कारा टाकला. मला वाटले, आता त्या उठणार. परंतु रुग्णालयात वीस वर्षे काढलेली ती बाई वेगळेच पाहत होती. त्यांनी जब्बारला जवळ बोलावले आणि विचारले की, तिचा आकडा तू का म्हणतोस.

“गुरुजी आल्यावर मीच म्हनतो,” जब्बार म्हणाला.

“आणि गुरुजी नसले म्हणजे?”

त्याने अक्कांकडे असे पाहिले, जणू एवढ्या मोठ्या बाईला एवढेही कळू नये. “मंग तिचा तीच म्हनती की. मी कशाला म्हनू?”

एका मुलीला हसू आले, ते तिने परकराच्या घोळात दाबले. सोजरबाई जमिनीकडे पाहत होत्या. हे त्यांना ठाऊक होते आणि माझ्या तोंडावर सांगायचे त्यांनी टाळले होते, हे मला तेव्हा कळले.

“गुरुजी,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमी जरा बाहीर जाऊन बसता का?”

मी हरकत घेतली. पाच वर्षांच्या मुलाच्या सांगण्यावरून असा निष्कर्ष काढता येणार नाही, परीक्षेत परिस्थिती बदलली तर परीक्षेला अर्थ राहत नाही, असे काहीसे मी म्हणालो. अक्का म्हणाल्या, “त्र्यंबकराव, उठा.” मी उठलो.

कोठाराच्या मागच्या भिंतीला, पुरुषभर उंचीवर, वारा खेळण्यासाठी ठेवलेला एक झरोका होता. त्याखाली तोलाईवाल्यांनी रिकामी पोती रचली होती. मी त्यांवर बसलो. बाजारात एक शेतकरी बैलाच्या घुंगरमाळेवरून घासाघीस करीत होता; तो गप्प झाला तर बरे, असे मला वाटत होते. आत सोजरबाईंनी रेवतीला तिच्या जुन्या जागी बसायला सांगितले आणि मोजणी पुन्हा सुरू झाली. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा.

“सात.”

आवाज किंचित घोगरा होता. मला आठवत होता त्याहून खालच्या पट्टीतला. सात महिन्यांत मुलांचा आवाज बदलतो, हे मला कुणी सांगितले नव्हते. मी भिंतीला हात लावला. विटा उन्हाने तापल्या होत्या.

“आठ,” जब्बार म्हणाला, एकच आकडा.

पुढचा पाऊण तास मी त्या पोत्यांवरून हललो नाही. आत माझी मुलगी बोलत होती. वांग्यांतले एक किडके आहे, असे तिने सांगितले. जब्बारने तिची वेणी ओढली, तेव्हा तिने सोजरबाईंकडे तक्रार केली आणि शिक्षाही सुचवली. ती हसली. अक्कांना तिने विचारले की, औरंगाबादला समुद्र आहे का. अक्का म्हणाल्या, नाही. त्यावर ती म्हणाली, मग काय आहे? मी तिचे प्रत्येक वाक्य मनात लिहून घेत होतो. मला तिच्यातले एकही दुरुस्त करावेसे वाटले नाही. हे माझ्या बाबतीत तोपर्यंत कधी घडले नव्हते.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार मला आठवला. मी घरी वांगी निवडत होतो. रेवती शेजारी येऊन बसली, टोपलीतले पहिले वांगे तिने ताटात ठेवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “लाभ.” सहा महिन्यांनंतरचा तिचा पहिला शब्द. मी काय करायला हवे होते, हे आज रस्त्यावरचा कुणीही सांगेल. मी म्हणालो, “एक. एक म्हणावं, बाळ.” तिने वांगे पुन्हा टोपलीत टाकले. आणि मी आत जाऊन सोजरबाईंना लिहायच्या त्या सहा पानांतले पहिले पान लिहिले.

आत आता भांड्यांचा आवाज येत होता. सोजरबाई भातुकलीची पितळी ताटे काढत असाव्यात. कुणाच्या घरी किती ताटे लागतात, ते प्रत्येकाने मांडून मोजायचे होते. जब्बारच्या घरी नऊ लागत होती आणि त्याचा त्याला अभिमान होता. मग रेवतीची पाळी आली.

“लाभ, दोन, तीन.”

“तीन का?” सोजरबाईंनी विचारले. “कुनाकुनाची?”

“आईचं. बाबांचं. माझं.”

बाजूला कुणीतरी मूल म्हणाले की, तिची आई मेली आहे. सोजरबाईंनी त्याला गप्प केले नाही आणि रेवतीलाही काही समजावले नाही.

“तीन तर तीन,” त्या म्हणाल्या. “वाढ मंग. आदी कुनाला?”

“आईला,” रेवती म्हणाली. “तिला बरं नसतं.”

इथे मला ते सांगितले पाहिजे, जे मी अक्कांपासूनच नव्हे, स्वतःपासूनही बाजूला ठेवले होते. कुमुदचे तेरावे झाले, पाहुणे गेले आणि चौदाव्या दिवशी आम्ही दोघेच प्रथम जेवायला बसलो. रेवतीने फडताळातून ताटे काढली आणि मोजली: एक, दोन, तीन. मी म्हणालो, “दोन, रेवती. आता आपण दोघंच. नीट मोज.” तिने पुन्हा मोजली, पुन्हा तीन. मी तिसरे ताट तिच्या हातातून घेतले आणि फडताळात ठेवून दिले. मी रागावलो नव्हतो. हे मी आयुष्यभर अनेकवार तपासून पाहिले आहे. माझा आवाज शांत होता, मायेचाही असेल. संख्या चुकली होती आणि मी ती बरोबर केली. त्या जेवणात ती काही बोलली नाही, त्यानंतरही नाही. लोक म्हणाले, आईचे दुःख आहे. मीही तेच म्हणू लागलो, कारण ते विधान पूर्णपणे खोटे नव्हते.

मी पोत्यांवरून उतरलो. बाहेरच बसून राहायचे, एवढेच मला करायचे होते, आणि तेवढेच मला जमले नाही. तिला सांगावे की तीनच बरोबर आहेत, तिसरे ताट मीच चुकून काढून घेतले, असे माझ्या मनात होते. मी कोठाराला वळसा घालून दाराशी आलो. रेवती पाठमोरी बसली होती. तिच्यापुढे तीन ताटे होती आणि एका ताटात तिने चिंचोके वाढले होते. माझी चाहूल लागताच तिची पाठ ताठ झाली. ती वळली.

“बरोबर,” मी म्हणालो. “तीन.”

तो शब्द कानी पडताच मला कळून चुकले. उत्तरपत्रिकेवर खूण करावी तसा तो शब्द आला होता. तिचे बरोबर होते की चूक, हे अजूनही मीच ठरवीत होतो. रेवतीने चिंचोके मुठीत गोळा केले, ताटे एकात एक घातली आणि ती भिंतीशी नेऊन ठेवली. मग आपल्या जागी, जब्बारच्या शेजारी, तोंड मिटून बसली. जब्बारने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुढचा आकडा म्हणायला सज्ज झाला.

आम्ही मोठी माणसे बाहेर ओट्यावर आलो. मी बोलत राहिलो. माझे मुद्दे चांगले होते. मुलगी बोलते हे सिद्ध झाले आहे. अट पूर्ण झाली आहे. अट फक्त बोलण्याची होती, कुणासमोर बोलण्याची नव्हती. कारण आता सापडले आहे आणि कारण सापडले की उपाय सापडतो. मी बदलेन. मी माझी चूक दुरुस्त करीन.

अक्का म्हणाल्या की, तो अर्ज त्या फाडून टाकणार आहेत, त्या शाळेची गरजच नाही. रेवती त्यांच्या घरी, त्यांच्या दोन मुलांबरोबर राहील. “दिवसातले चार तास बोलायचं आणि वीस तास गप्प बसायचं, असं मूल कसं वाढवणार तुम्ही?” त्यांनी विचारले. त्यांच्या स्वरात दोष नव्हता. असता तर मी त्याचे खंडन केले असते.

ती गेली आणि दहा वर्षे तिथेच राहिली. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी औरंगाबादला जात असे. अक्कांचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर होते. मी जिन्याच्या अखेरच्या पायरीवर थांबे. आत रेवती मावसभावांशी भांडत असे, रेडिओबरोबर गात असे, अक्कांना शाळेतल्या गमती सांगत असे. कधी पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास मी तिथे उभा राही, आणि मग कडी वाजवी. माझ्याशीही ती पुढे बोलू लागली. आज ती चाळिशी ओलांडलेली, नाशिकला नोकरी करणारी, दोन मुलांची आई आहे. आठवड्यातून एकदा फोन करते, माझ्या औषधांची चौकशी करते. तिची वाक्ये शुद्ध आणि पूर्ण असतात. बोलण्याआधी ती प्रत्येक वाक्य तपासून घेते, हे मला ऐकू येते. जिन्यात ऐकलेला तो आवाज मला समोरासमोर एकदाही मिळाला नाही, आणि माझ्या कानांना अजून त्याचीच ओढ आहे.

परंतु त्या दिवशी ओट्यावर मला हे काहीच ठाऊक नव्हते, आणि मी हार मानली नव्हती. माझ्या बाजूने बोलेल असे एकच माणूस तिथे होते. सोजरबाईंना रेवतीचा किती लळा आहे, हे मी पाहिले होते. तिची वेणी रोज त्याच पुन्हा घालत. ती गेली तर त्यांच्या मांडीवर बसणारे दुसरे मूल त्या रांगेत नव्हते. मी त्यांच्याकडे वळलो आणि म्हणालो की, मुलीला सर्वांत जास्त तुम्ही ओळखता. अक्कांचे राहू द्या, माझेही राहू द्या. तुम्ही जे सांगाल ते मी मानीन.

सोजरबाईंनी पदराने हातांना लागलेला वांग्यांचा मळ पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. आत मुलांनी मोजणी पुन्हा सुरू केली होती. मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले.

“जाऊ द्या तिला, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “लेकरू तुमाला भितंय.”